नऊ वर्षं, तीन अणू: बीम नुसता वाढवून का भागत नाही?

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याने विचारलं, "नवीन मूलद्रव्याचे अणू इतके कमी मिळतात, तर बीम वाढवा की! विषय संपला." मलाही आधी असंच वाटायचं. पण खरी गोम तिथेच आहे.

जपानमधल्या रिकेन संस्थेचं उदाहरण घेऊ. कोसुके मोरिता यांच्या टीमने जस्ताची केंद्रकं (30 प्रोटॉन) बिस्मथवर (83 प्रोटॉन) आदळवली. बेरीज 113. सेकंदाला 2 लाख कोटींहून जास्त केंद्रकं! 2003 मध्ये सुरुवात झाली, आणि हाती किती अणू लागले? तीन. 2004, 2005 आणि मग थेट 2012.

आता बघा, बिस्मथच्या पातळ थरातून जस्त जवळजवळ सगळं तसंच पलीकडे जातं. ते डिटेक्टरवर आलं तर खेळ खलास. म्हणून मध्ये सेपरेटर लागतो. इथल्या सेपरेटरचं नाव गॅरिस. सुपात धान्य पाखडतो ना, तसंच काहीसं. चुंबक जस्ताला जास्त वळवतो, जड अणूला कमी. जस्त बाजूला अडवलं जातं, जड अणू पुढे डिटेक्टरकडे.

पण प्रत्येक जड अणूने गमावलेले इलेक्ट्रॉन वेगवेगळे, मग वळणही वेगवेगळं. यावर उपाय काय, तर आत थोडा हेलियम भरायचा. त्याला धडकत जाताना इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते, विद्युतभार सरासरीवर येतो आणि सगळे साधारण एकाच वाटेने जातात.

मग हा हेलियम बीमच्या नळीत मागे जाऊ नये, म्हणून मध्ये पातळ पत्र्याची खिडकी लावायची का? इतक्या जोरदार बीमपुढे ती टिकणं कठीण. म्हणून खिडकीच नाही. टप्प्याटप्प्याने पंप लावून वायू खेचत राहायचं. बिस्मथ तर 271 अंशांनाच वितळतं, म्हणून ते फिरत्या चाकावर, म्हणजे एकाच जागी मार बसत नाही. थोडक्यात, बीम वाढवला की बाकीचं सगळं नव्याने जुळवावं लागतं.

पहिल्या दोन अणूंची साखळी डब्नियमपाशी फुटून संपली होती. तिसऱ्याची मात्र ओळखीच्या मेंडेलेव्हियमपर्यंत पोचली, आणि दावा पक्का झाला. 2015 च्या अखेरीस मान्यता, 2016 मध्ये नाव: निहोनियम.

तो तिसरा अणू वाटेत भिंतीला आपटला असता तर? म्हणून म्हणतो, बीम वाढवा, पण आधी सूप नीट विणा!