जुनी जीप की नवी एसयूव्ही?

मोहटादेवीला किंवा मेळाव्याला जायला गटाची भाड्याची गाडी ठरवताना आपण फक्त भाडं विचारतो. आज गाडीचा जोर आणि सुरक्षा समजून घेऊ.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रा कंपनी विलीज जीप जोडू लागली. इंजिन साधारण 60 अश्वशक्तीचं, रचना साधी. गावातला मिस्त्रीही खोलून दुरुस्त करी. चिखलातून, चढावरून ती चाले. पण सीटबेल्ट नाही, एअरबॅग नाही.

2022 ला आलेली, चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन पेट्रोलमध्ये सुमारे 200 अश्वशक्तीची, म्हणजे तिप्पट जोर. एबीएसमुळे ब्रेक जोरात दाबला तरी चाकं जाम होत नाहीत, गाडी वळवता येते. ग्लोबल एनसीएपीच्या धडक चाचणीत तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी 5 तारे मिळाले, मुलांच्या सुरक्षेसाठी मात्र 3.

मग नवीच बरी का? बरी, पण जोर वाढला की वेगही वाढतो. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. उंच गाडी वळणावर उलटू शकते. टपावर बोजा असेल तर धोका आणखी वाढतो. आणि बेल्ट नसेल तर एअरबॅगही नीट वाचवत नाही. मांडीवरचं लेकरू धडकेत हातात राहत नाही.

म्हणून गाडी ठरवतानाच विचारा: मागेही बेल्ट आहेत का? टायर घासलेत का? जितक्या सीट, तितक्याच जणी बसा. आणि करंजी घाटात ड्रायव्हरदादांना “हळू चालवा” म्हणायला लाजू नका.