विश्लेषण : कराटेच्या वर्गाने मुले खरेच सुरक्षित होतात का?

शिकवणीच्या जिन्यात किंवा लोकलच्या गर्दीत कुणी हात धरला, तर चौदा-पंधरा वर्षांचे मूल अनेकदा जागीच गोठते. तोंडातून आवाज फुटत नाही. मग घरी ठरते, ‘याला कराटेला घालू या.’ पण चार लाथा शिकून काय साधते?

वर्गात नेमके काय शिकवतात?

ज्युदोचा पहिला धडा समोरच्याला फेकण्याचा नसतो, स्वतः पडण्याचा असतो. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीकडे घ्यायची, हात गादीवर आपटायचा, डोके टेकू द्यायचे नाही. शंभरदा पडून उठलेल्या मुलाची पडण्याची धास्ती कमी होते आणि धास्ती कमी झाली की डोके चालू लागते. कराटेतली ‘किआई’ म्हणजे पोटातून काढलेली आरोळी. ‘हळू बोल’ ऐकत वाढलेल्या मुलींना ती सर्वांत अवघड जाते, आणि प्रसंगी तीच सर्वाधिक कामी येते.

याला पुरावा काय?

कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. १२ तासांच्या प्रशिक्षणाच्या गटात वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के राहिले, केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के. मात्र त्या १२ तासांत हाणामारीचे डाव हा एकच भाग होता. धोका वेळीच ओळखणे आणि ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देणे हेही शिकवले गेले. आपल्याकडे नोंद झालेल्या बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीतल्या गुंडापुरता सराव करून घेणारा वर्ग म्हणूनच अपुरा.

मुलग्यांचे काय?

‘समग्र शिक्षा’मध्ये सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचे. वर्गात रोज टपल्या खाणारा मुलगा मात्र लाजेपायी घरी सांगतही नाही. गरज त्यालाही आहे.

वर्ग निवडताना काय पाहावे?

पालकांना सराव पाहू देत नाहीत, तो वर्ग सोडावा. बेल्टच्या परीक्षा आणि त्यांचे शुल्क किती, हे आधीच विचारावे. काही ठिकाणी रंग भराभर बदलतात, कौशल्य नाही. प्रशिक्षक ‘आधी निसटा, पळा, ओरडा’ असे सांगतो का, हेही बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरत्याच बळाचा. समोरचा खाली पडल्यावर मारलेली लाथ त्यात बसेलच असे नाही. आणि १०९८ व ११२ हे दोन क्रमांक पहिल्या दिवसापासून पाठ हवेत, पांढऱ्या पट्ट्यावर असतानाच.