मावशींचा रविवार

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली 1890 साली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली होती. आज त्याच मुंबईत, आणि पुण्या-ठाण्यातही, चोवीस तास राहून बाळ सांभाळणाऱ्या अनेक मावशींना आठवड्याचा ठरलेला असा एकही दिवस नाही. सुट्टी मिळते ती घरच्यांची सोय पाहून, आणि गावी दुखणं-खुपणं निघालं तर खाडा लागून पगार कापला जातो. चांगल्या, मायाळू मावशी वर्ष-दीड वर्षात चिडचिड्या का होतात, अचानक काम का सोडतात, याचं उत्तर आपण त्यांच्या स्वभावात शोधतो. ते त्यांच्या कामाच्या मांडणीत आहे, असं माझं म्हणणं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण, असं त्याचं वर्णन केलं आणि तीन खुणा सांगितल्या: त्राण संपणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. पहिली खूण ओळखणं अवघड, कारण दमणं या कामात रोजचंच आहे. दुसरी मात्र लक्ष दिलं तर दिसते. ज्या मावशी संध्याकाळी आपणहून सांगायच्या, ‘आज पेज आवडीनं खाल्ली, पण शेवटचे दोन घास थुंकले, दात येताहेत बहुतेक’, त्या आता विचारल्यावर ‘खाल्लं’ एवढंच म्हणतात. भरवताना तोंडानं चाललेली काऊ-चिऊची गोष्ट थांबते आणि मोबाइल समोर येतो. बाळ रडलं की उठायला क्षणभर जास्त वेळ लागतो. याला आपण आळस किंवा कामचुकारपणा म्हणतो आणि दोन शब्द सुनावतो. त्यामुळे तिसरी खूण, आपल्याला काही जमत नाही ही भावना, आणखी घट्ट होते.

हे काम इतकं का पोखरतं? आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करताना भावनिक श्रम ही कल्पना मांडली: चेहऱ्यावरचं आणि मनातलं प्रेम हाही पगारी कामाचा भाग असतो. मावशींच्या बाबतीत ते प्रेम बहुधा खरंच असतं, म्हणून ओझं अधिक. बाळाला ताप आला तर रात्रभर मांडीवर त्यांच्या, पण डॉक्टर कधी गाठायचा हे ठरवणार दुसरे. जीव लावायचा पूर्ण, अधिकार जवळजवळ नाही. त्यात भर वेळेची. ‘बाळ झोपलं की आरामच असतो’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. प्रत्यक्षात त्या पाऊण तासात बाटल्या उकळायच्या, लंगोट-दुपटी वाळत घालायची, आणि कान पाळण्याकडे. घरकामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 च्या करारात सलग चोवीस तासांची साप्ताहिक विश्रांती सांगितली आहेच. शिवाय हाक आली तर उठावं लागेल अशा थांबण्याचा वेळही, देशाचा कायदा ठरवेल त्या मर्यादेत, कामाचाच धरावा असं म्हटलं आहे. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिलं, मंजुरी मात्र दिलेली नाही.

मावशींना आठवड्याची ठरलेली सुट्टी द्या म्हटलं, की पहिला आक्षेप आईचा: मला तरी कुठे सुट्टी आहे? आईचा थकवा खरा आहे, आणि घरातल्या पुरुषांनी त्याचा जाब द्यायलाच हवा. पण त्याची भरपाई मावशींच्या झोपेतून करणं न्याय्य नाही. दुसरं म्हणणं, ‘आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवतो’. ते मनापासून असतं. तरी घरचं माणूस ‘आज मला जमणार नाही’ म्हणू शकतं. मावशी तसं म्हणाल्या तर महिनाअखेरीस हिशेब होतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: मावशी स्वतःच सुट्टी नको, त्याऐवजी पैसे द्या म्हणतात. खरं आहे. ज्या पगारात मुलांची फी आणि गावचं कर्ज भागत नाही, तिथे विश्रांती विकली जाते. म्हणून सुट्टी पगारी असली तरच ती सुट्टी. हे परवडत नसेल, तर आपल्याला चोवीस तासांची मावशी परवडत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मग दिवसाची मावशी किंवा पाळणाघर हा पर्याय पाहावा. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने बंधनकारक केली. ती आपल्या ऑफिसात मागायला हवी.

महाराष्ट्रात घरकामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्याचा भर नोंदणी आणि मदतीवर आहे. मावशींचे कामाचे तास त्याने ठरत नाहीत. घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितलं. तो होईल तेव्हा होईल. तोवर कामावर ठेवतानाच एका कागदावर लिहिता येईल: आठवड्याचा वार कोणता, रात्री बाळाकडे कोण उठणार, वरकाम कुठवर, आजारपणाच्या पगारी रजा किती. आणि त्या वाराच्या आदल्या रात्री बाबांनी ओट्यापाशी उभं राहून मावशींकडून शिकून घ्यावं की पेज किती पातळ लागते, दुपटं कोणतं, आणि कुठली अंगाई म्हटली की बाळ झोपतं.