मृत मुलीचे नाव

पेरूजा हे मध्य इटलीतील डोंगरावर वसलेले जुने विद्यानगर. २००७ साली सर्व संतांच्या सणाच्या रात्री, १ नोव्हेंबर रोजी, तेथे शिकावयास आलेल्या मेरेडिथ कर्चर या २१ वर्षांच्या इंग्रज मुलीचा भाड्याच्या घरात सुऱ्याने खून झाला. दुसऱ्या दिवशी, ख्रिस्तजन आपापल्या मृतांचे स्मरण करीत असता, तिचे प्रेत सापडले.

या प्रकरणावरील ‘अमांडा नॉक्स’ हा माहितीपट २०१६ साली निघाला. तो नुकताच आमच्या पाहण्यात आला. त्याच घरात राहणारी अमेरिकन विद्यार्थिनी अमांडा व तिचा इटालियन मित्र यांजवर पोलिसांचा संशय गेला आणि वृत्तपत्रांना पर्वणीच लाभली. फुटबॉलच्या मैदानावर तिला मिळालेल्या टोपणनावास भलताच अर्थ चिकटविण्यात आला. तुरुंगातील तिची खासगी रोजनिशीही छापली गेली. बातमीची खातरजमा करीत बसल्यास दुसरा बाजी मारील, असे एक इंग्रज वार्ताहर या चित्रपटात हसत हसत सांगतो!

२००९ साली दोघे दोषी ठरली, २०११ साली सुटली, २०१४ साली पुनश्च दोषी ठरली आणि २०१५ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना खुनाच्या आरोपातून कायमचे मुक्त केले. रक्ताळलेल्या हाताचा ठसा होता तो रूडी गेडे याचा. त्याला २००८ सालीच शिक्षा झाली होती. परंतु त्याच्या कथेत वाचकांना गोडी नव्हती. अमांडानेही रात्रीच्या चौकशीत एका निरपराध मद्यगृहचालकाचे नाव घेतले होते. त्या बिचाऱ्यास सुमारे दोन आठवडे तुरुंगात काढावे लागले. या खोट्या आरोपाबद्दलची तिची शिक्षा २०२५ साली कायम झाली. खोटी साक्ष अशी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते.

आणि मेरेडिथ? चित्रपटाच्या नावातही ती नाही. तिचे वडील जॉन कर्चर हे स्वतः पत्रकार. जग आपल्या लेकीला विसरले, हे पाहून त्यांनी २०१२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले.

वाचकहो, दोष केवळ वृत्तपत्रांचा नव्हे. चित्रपट संपला तेव्हा अमांडाचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढे स्पष्ट होता. मेरेडिथचा काही केल्या आठवेना. खुनी कोण, या कुतूहलापायी आम्हीही मृत मुलीला ओलांडून पुढे गेलो होतो. येत्या मृतांच्या दिवशी एक मेणबत्ती तिच्या नावाने लावण्याचे आम्ही ठरविले आहे.