शाळेची बाग पाळीवर चालते



ऐन उन्हाळ्यात उसाच्या पाण्याची पाळी चुकली तर काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. शाळेच्या बागेचेही तसेच आहे. जूनमध्ये मोठ्या हौसेने बाग सुरू होते, फोटो निघतात, दिवाळीच्या सुट्टीत ती निम्मी होते आणि मे महिन्यात पार जळून जाते.

आमच्या गावच्या शाळेत पहिल्या वर्षी असेच झाले. मुलांनी दोडक्याचा मांडव घातला होता, शेवग्याची रोपे लावली होती. सुट्टीत पाणी कोणी द्यायचे, हे मात्र ठरलेच नव्हते. मागाहून जो तो म्हणे, "मला वाटलं, दुसरा कोणी देत असेल." जूनमध्ये पोरं आली ती आधी बागेकडे पळाली. वाळलेल्या काड्या बघून एक मुलगी एवढेच म्हणाली, "आपली बाग मेली की!" पुन्हा बी हातात घ्यायला त्या पोरांना फार समजवावे लागले. मोठी माणसे कामाला हात घालतात आणि मध्येच सोडतात, हा धडा त्यांनी आमच्याकडून घेतला होता. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही जे शिकलो ते येथे सांगत आहे.

आधी माणसे, मग जागा

मुलांनी मातीत राबून शिकावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकणारी पिढी उभी केली. १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनीही हाताच्या कामातून शिक्षण हाच विचार मांडला. पण कल्पना चांगली असून भागत नाही, रोज पाणी घालणारा माणूस लागतो.

बागेचा विषय प्रथम शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, म्हणजे आपणच. एक शिक्षक, वीस-पंचवीस मुले आणि गावातील आठ-दहा मोठी माणसे एवढे मंडळ पुरे. निवृत्त झालेले शेतकरी, बचत गटातील महिला, माजी विद्यार्थी यांना जरूर घ्यावे. प्रत्येकाने पंधरा दिवसांत एक पाळी घ्यावी. पाळीपत्रक वर्गाच्या भिंतीवर लावावे. ज्याला जमणार नाही त्याने आदल्या दिवशी बदली माणूस द्यावा. मुलांबरोबर काम करताना शिक्षक किंवा दोन मोठी माणसे हजर असावीत. एकट्या माणसावर मुले सोपवू नयेत.

अर्धा गुंठा पुष्कळ झाला

सुरुवातीला दहा फूट लांब व तीन फूट रुंद असे दहा वाफे करावेत. रुंदी याहून वाढवू नये, कारण मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोहोचला पाहिजे. प्रत्येक वाफा दोन-तीन मुलांच्या नावाने द्यावा. खतासाठी शेण, पालापाचोळा आणि आपल्या शेतातील पाचट खड्ड्यात कुजवावे. कारखान्याची प्रेसमड घालायची तर पूर्ण कुजलेलीच घालावी, ताजी तापते व रोपे जळतात.

पावसाळ्यात गवार, भेंडी, कुंपणाला दोडका व कारले. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा आणि धणे रगडून दोन फाका करून कोथिंबीर. मेथी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावी, म्हणजे शाळेच्या दुपारच्या आहाराला सारखी भाजी मिळते.

येथे एक गोष्ट मनावर घ्यावी. हंगामात ऊसतोड मजुरांची मुले आपल्या गावच्या शाळेत येतात आणि पट्टा पडला की निघून जातात. त्यांनाही वाफा द्या. मेथी महिन्याभरात आणि मुळा दीड महिन्यात निघतो. स्वतः पेरलेले स्वतः काढून मगच ते मूल गावी जाईल.

मोठ्यांनी हात आवरावा

एका हौशी गृहस्थांनी आमच्याकडे पॉवर टिलर आणून अर्ध्या तासात सगळी जमीन तयार करून दिली. मुले बांधावर उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी कोणी फिरकले नाही. तेव्हा जड खणणे, मांडवाचे डांब रोवणे एवढे मोठ्यांनी करावे. पेरणी, खुरपणी, मोजणी मुलांची. रांग वाकडी आली तरी येऊ द्या. आपण उसाच्या डोळ्यांची उगवण मोजतो, तशी मुलांनी शंभर बियांची मोजावी. शेकडेवारीचे गणित तेथेच समजते.

तणनाशकाचा पंप बागेत कधीही आणू नये. उसात मारलेले टू-फोर-डी वाऱ्याने आले तरी टोमॅटो-वांग्याची पाने आकसतात. शेजारच्या सभासदाने वारा पाहूनच फवारावे, मुले शाळेत असताना मुळीच नाही. औषधाचे रिकामे डबे पाण्याला घेऊ नयेत. कीड पडली तर अर्धा किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून मोठ्यांनी फवारावी. पाचटाच्या ढिगात साप-विंचू असतो. तेथे मुलांना हात घालू देऊ नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

भाजी निघाली की वजन करून वहीत लिहावी व शाळेच्या स्वयंपाकात द्यावी. ती कोणा पदाधिकाऱ्याच्या पिशवीत गेली, तर बाग त्या दिवशीच संपली असे समजावे.

मे महिन्याचे काय?

उन्हाळ्यात सगळी बाग हिरवी ठेवण्याचा हट्ट नको. एप्रिलअखेर वाफे मोकळे करून पाचटाने झाकावेत. शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी आठ-दहा झाडे तेवढी जगवावीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन-दोन घागरी पाणी, एवढेच काम. आमच्या शाळेत हे पाळीपत्रक मार्चमध्येच लिहितात. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मुले आली तेव्हा शेवगा उभा होता.

मंडळी, आडसाली ऊस आपण सोळा-अठरा महिने सांभाळतो. मुलांची आठ-दहा झाडे सुट्टीचे पाच-सहा आठवडे सांभाळणे आपल्याला जड नाही. शाळेत जाऊन आपले नाव पाळीपत्रकात लिहा, आणि आपल्या दिवशी घागर घेऊन हजर राहा.