नवी डिस्क आणि न उठणारा संगणक

संगणकांतील जुनी हार्ड डिस्क काढून नवी बसविली आणि कळ दाबतांच काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ ही ओळ उमटली, म्हणजे घरांतील मंडळींचा धीर सुटतो. डिस्क बदलण्याचे प्रसंग आतां वरचेवर येतात. कोठें ती जुनी होऊन मंदावते, कोठें अपुरी पडते. आणि २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पंचगंगा शाहूपुरी, दुधाळी या भागांत शिरली, तसें पाणी घरांत आल्यास यंत्र भिजून निकामी होतें. नवी डिस्क उठत नाहीं असें दिसतांच पुष्कळ लोक घाईनें तिच्यावरील सर्व पुसून नव्यानें आरंभ करितात. यांत वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब व मुलांचे निबंध कायमचे नाहींसे होण्याचा धोका असतो. आणि बहुधा तसें करण्याचें कांहीं कारणच नसतें.

वीज मिळाली त्या क्षणीं संगणकास आपल्या डिस्कवर काय आहे हें मुळींच ठाऊक नसतें. त्याच्या मुख्य पाटीवरील एका चिपेंत कांहीं आज्ञा कायमच्या लिहिलेल्या असतात. त्यांस जुन्या यंत्रांत बायोस व नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. या आज्ञा प्रथम यंत्राचीं अंगें तपासतात व मग विंडोजसारखी कार्यप्रणाली कोठें आहे याचा शोध घेतात. स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःस वर उचलावें, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीवरून या क्रियेस ‘बूट’ हें नांव पडलें. (आपल्या कोल्हापुरी पायताणास मागें तशी पट्टी नसते, हा भाग निराळा!)

जुन्या पद्धतींत हा शोध डिस्कच्या अगदीं पहिल्या कप्प्यांत होतो. हा कप्पा अवघा ५१२ बाइटांचा. त्यांत ४४६ बाइट आज्ञांसाठीं, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या यादीसाठीं आणि उरलेले २ ओळखीच्या खुणेसाठीं. ही व्यवस्था १९८३ सालची आहे. नव्या पद्धतींत प्रारंभाच्या फाइली एका स्वतंत्र लहान विभागांत असतात.

शुक्रवार पेठेंतील बिऱ्हाड राजारामपुरींत हलविलें. भांडींकुंडीं, पुस्तकें, सर्व आलें. परंतु पोस्टांत नवा पत्ता कळविलाच नाहीं, तर पत्रें येणार कशीं? डिस्कचेंहि तसेंच आहे. नुसत्या फाइली उतरवून घेतल्यानें तो पहिला कप्पा किंवा तो लहान विभाग त्यांच्या मागोमाग येत नाहीं. माहिती सुखरूप असते. यंत्रास तिचा पत्ता लागत नाहीं, इतकेंच.

म्हणून प्रथम यंत्र बंद करून तारा घट्ट बसल्या आहेत कीं नाहींत हें पाहावें व जुनी डिस्क काढून ठेवावी, कारण एकसारख्या दोन डिस्का जोडलेल्या असल्यास गोंधळ होतो. नंतर कळ दाबतांच एफ-२ किंवा डिलीट (यंत्रागणिक ही कळ बदलते) दाबून सेटिंगचा पडदा उघडावा. तेथें नव्या डिस्कचें नांवच नसेल तर दोष जोडणींत किंवा डिस्कमध्यें आहे. नांव असल्यास शोधाच्या क्रमांत तें वर आणावें, आणि डिस्कची आखणी व यंत्राची पद्धत दोन्ही जुनी किंवा दोन्ही नवी आहेत ना, हें पाहावें. घड्याळांतील तारीख कित्येक वर्षें मागें गेलेली दिसली तर पाटीवरील नाण्याएवढा ३ व्होल्टांचा सेल संपला आहे असें समजावें. सेल संपला कीं सेटिंगेंहि मूळपदावर जाऊं शकतात. बिटलॉकरचें कुलूप असणारांनीं त्याची ४८ अंकी किल्ली आधींच कागदावर लिहून ठेवावी, कारण सेटिंग बदलतांच ती मागितली जाण्याचा संभव असतो.

इतकें करूनहि यश न आल्यास दुसऱ्या संगणकावर विंडोजची यूएसबी तयार करून तिच्यावरून यंत्र सुरू करावें. तेथें ‘इन्स्टॉल’ न निवडतां ‘रिपेअर’ निवडावें. ‘स्टार्टअप रिपेअर’ हा उपाय प्रारंभाची नोंद पुन्हां लिहिण्याचा प्रयत्न करितो व आपल्या फाइलींस हात लावीत नाहीं.

जुनी डिस्क मात्र निदान महिनाभर कपाटांत तशीच ठेवावी. ती पुरांत भिजलेली असेल तर उन्हांत वाळवून घरीं चालू करून पाहूं नये. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्यें तबकडी आणि ती वाचणारें टोंक यांमधील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या अंशाहूनहि कमी असतें. तेथें गाळाचा एक कण सर्व कांहीं खरवडून टाकण्यास पुरेसा होतो.