इरॉसच्या दाराशी

बँकेत लागलो तेव्हा शनिवारी अर्धा दिवस असे. रोकड जुळली की मी धावत चर्चगेटला येई. सौ. इरॉसच्या दाराशी तिकिटं घेऊन उभी असे.

इरॉस उघडलं १९३८ साली. धोबीतलावचं मेट्रोही त्याच वर्षीचं. कुलाब्याचं रीगल १९३३चं. एकच पडदा, हजारावर खुर्च्या, संगमरवरी जिने. कारकुनालाही तिथे तीन तास सरदार असल्यासारखं वाटे.

मग व्हिडिओ आला. भाड्याच्या कॅसेटी आणून घरीच सिनेमे पाहणारे आम्हीच होतो. पुढे मल्टिप्लेक्स आली. हजारांतल्या नऊशे खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तरी वीज, कर, पगार चुकत नाहीत. असा ताळेबंद समोर आला असता तर मीही कर्ज नामंजूर केलं असतं. २००६ मध्ये मेट्रोचं मल्टिप्लेक्स झालं. इरॉसला कुलूप लागलं.

२०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा ठरवलं. त्यांत इरॉस आणि रीगलही आहेत. २०२४ मध्ये इरॉस पुन्हा उघडलं. बाहेरून तोच आग्र्याचा तांबडा दगड. आत आयमॅक्सचा पडदा आणि जेमतेम तीनशे खुर्च्या.

परवा नातीला घेऊन गेलो. ‘‘आजोबा, तुम्ही कुठे बसायचात?’’ तिने विचारलं. मी वर बोट दाखवलं. तिथे बाल्कनी नव्हती.

सिनेमा मात्र तिला फार आवडला. दगड वारशाच्या यादीने वाचला. खुर्च्या भरायचं काम आपलंच होतं, हे तिला सांगायचं राहून गेलं.